गावाच्या सांडपाण्याला तळी करावीत का? काळ्या मातीतलं उत्तर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सरपंचताईंचा प्रश्न आहे. गाव २,४०० वस्तीचं. घरोघरी नळ आल्यापासून नाल्या बाराही महिने वाहतात. दोन मोठ्या नाल्या गावाखाली एकत्र होऊन नाल्यात पडतात आणि तो नाला पुढे नदीला मिळतो. एका सल्लागाराने मशीनचा तयार प्लांट सुचवला, दुसऱ्याने तळी. पंचायतीकडे गावाजवळ दोन एकर ई-क्लास (सरकारी, बहुधा गायरान) जमीन आहे, भारी काळी. ताई विचारतात: जागा पुरेल का, वास आणि डास होतील का, खालच्या शेतकऱ्यांना पाणी देता येईल का, आणि पाच वर्षांनी हे सगळं बघणार कोण?

ताई, तळीच करा. मशीनच्या प्लांटशी माझं वैर नाही. शहरात जागाच नसते, तिथे दुसरा इलाजही नसतो. पण त्या प्लांटला रात्रंदिवस हवा फुंकणारा ब्लोअर लागतो, ब्लोअरला वीज लागते, आणि त्याचं बेअरिंग गेलं की जिल्ह्याच्या गावाहून मिस्त्री आणावा लागतो. पथदिव्यांचं बिल थकलेल्या पंचायतीने असलं जनावर दावणीला बांधू नये. ब्लोअर काही दिवस बंद पडला की टाकीतले जिवाणू मरायला लागतात, आणि मग उरते ती नुसती महागडी टाकी. तळ्याला वीज लागत नाही. माणूस मात्र लागतो, आणि तोही रोजचा. म्हणून तुमचा शेवटचा प्रश्न खरं तर पहिला आहे. त्याच्याकडे येतोच, आधी हिशेब करू.

तळ्यात घडतं ते असं. घाण पाणी उथळ तळ्यात बरेच दिवस थांबतं. जड ते तळाशी बसतं आणि तिथे हवेविना कुजतं. वरच्या थरात जिवाणू विरघळलेली घाण खातात. त्यांना लागणारा प्राणवायू उन्हावर वाढणारं सूक्ष्म शेवाळ पुरवतं, आणि जिवाणूंनी सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडवर ते शेवाळ जगतं. दुपारी शेवाळ जोरात असताना पाण्याचा पीएच ९ च्या वर जातो. कडक ऊन, चढलेला पीएच आणि भरपूर प्राणवायू यांच्या माऱ्यात रोगजंतू तग धरत नाहीत. ज्या उन्हाला आपण मार्च ते जून शिव्या घालतो, तेच इथे फुकटात काम करतं.

हे तंत्र आपल्याला परकंही नाही. नागपुरात १९५८ साली जी संस्था सुरू झाली आणि आज जिला नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) म्हणतात, तिथे सोली आर्सीवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकात भारतीय हवेत अशी तळी कशी वागतात याचा अभ्यास केला. त्यातून आलेलं सूत्र अगदी साधं आहे: ३७५ मधून अक्षांशाची सव्वासहा पट वजा करा. जे उरेल तेवढे किलो बीओडी एक हेक्टरचं तळं दिवसाला पचवतं. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागतो त्याचं माप. आपण विसाव्या-एकविसाव्या अक्षांशावर, म्हणजे उत्तर येतं सुमारे २५०. आयएस ५६११ या भारतीय मानकातही २० अक्षांशासाठी हाच आकडा आहे. अशा तळ्यांचे अभ्यासक डंकन मारा यांचं सूत्र अक्षांशाऐवजी सर्वांत थंड महिन्याचं तापमान धरतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत दिवसरात्रीची सरासरी २० अंशांच्या आसपास असते, आणि त्या सूत्रानेही २५३ येतात. दोन वेगळ्या वाटांनी आकडा एकच येतो, त्यामुळे सल्लागार हेक्टरी ४०० किलो लिहून जागा कमी दाखवू लागला तर त्याला थांबवा.

आता पाणी किती? अहवालात बहुतेक वेळा माणशी ५५ लिटर, त्यातलं ८० टक्के नालीत, असा गुणाकार करून मोकळे होतात. पुढची वाढ धरून ३,००० माणसं घेतली तर ४४ लिटरने १३२ घनमीटर रोजचे होतात. कागदासाठी ठीक आहे. पण नालीत खरंच काय येतं ते मोजा, याला सुतारकाम आणि दोन दिवस एवढंच लागतं. पत्र्याच्या तुकड्याला काटकोनात व्ही आकाराची खाच कापायची आणि तो दोन्ही नाल्या एकत्र होतात त्याच्या खाली आडवा, पातळीत बसवायचा. बाजूने आणि खालून पाणी झिरपू नये म्हणून काळ्या मातीने लिंपायचं. खाचेतून पाणी मोकळं खाली पडलं पाहिजे. पत्र्याच्या हातभर मागे पट्टी लावून खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची वाचायची. ५ सेंटिमीटर असेल तर सेकंदाला पाऊण लिटर, साडेसातला दोन लिटरच्या थोडं वर, १० ला जवळजवळ साडेचार. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटीच्या वर जातं, म्हणून पट्टी नीट वाचा. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत दर तासाला नोंद, एक दिवस नळ येतो तेव्हाचा आणि एक दिवस येत नाही तेव्हाचा. दहावीतली पोरं हे आनंदाने करतात. नळ सुटतो त्या दोन-तीन तासांतच दिवसाचं निम्मं पाणी वाहून जाताना दिसेल. तोट्या नसलेले नळ किती, हेही त्याच कागदावर उमटतं. तोट्या बसवणं हे तळं खोदण्यापेक्षा स्वस्त आहे, हे वेगळं सांगायला नको.

मोजमाप झालं की शौचालयांची फेरी मारा. दोन शोषखड्ड्यांची शौचालयं असतील तर मैला जागेवरच राहतो आणि नालीत आंघोळ, भांडी, कपडे आणि गोठ्याचं पाणी येतं. पण नवीन स्लॅबच्या घरांत सेप्टिक टँक असतात आणि त्यांचा पाइप सर्रास नालीत सोडलेला असतो. अंदाजपत्रकात 'फक्त सांडपाणी' लिहिलेलं असतं आणि नालीत जंताची अंडी वाहत असतात. पहिल्या प्रकारच्या गावाला मी माणशी २० ग्रॅम बीओडी धरतो, दुसऱ्याला ३०. एक नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत देऊन पडताळून घ्या.

२० ग्रॅमने तुमचे ३,००० जणांचे ६० किलो होतात. भागिले २५०, म्हणजे ०.२४ हेक्टर, म्हणजे २,४०० चौरस मीटरचं मुख्य तळं. खोली दीड मीटर. त्यात पाणी २७ दिवस राहतं. त्यामागे रोगजंतू मारायला दोन लहान तळी, प्रत्येकी एक मीटर खोल आणि पाच दिवसांची, म्हणजे ६६० चौरस मीटरची एकेक. पाण्याचं क्षेत्र ३,७२० चौरस मीटर झालं. पाळी, फिरायची वाट, चेंबर आणि कुंपण धरून त्याच्या १.७ पट जागा लागते, ती भरते दीड एकराच्या थोडी वर. तुमच्या दोन एकरांत आरामात बसतं. सेप्टिकवालं गाव असेल तर मुख्य तळं ३,६०० चौरस मीटरचं होईल आणि दोन एकर किंचित कमीच पडतील.

जागा वाचवायला काही जण सुरुवातीला खोल, झाकोळलेलं, हवेविना चालणारं तळं सुचवतात. हिशेबाने ते बरोबर आहे: २० अंश तापमानाला घनमीटरमागे दिवसाला ३०० ग्रॅम बीओडी धरले तर २०० घनमीटरचं तळं दीड दिवसात साठ टक्के भार उचलतं आणि मुख्य तळं ९६० चौरस मीटरवर येतं. पण वास येण्याचा धोका त्याच तळ्यात सर्वाधिक, आणि त्याचा गाळ दोन-तीन वर्षांत काढावा लागतो. जागा असताना मी लहान गावात ते टाळतो. त्याऐवजी जाळी, दोन कप्प्यांचा गाळ-हौद आणि मुख्य तळ्याच्या तोंडाशी थोडा जास्त खोल खड्डा पुरतो. अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातल्या गावांनी तर बोअरच्या पाण्यातलं सल्फेट तपासल्याशिवाय ते तळं करूच नये. लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर सल्फेट गेलं की कुजक्या अंड्यांचा वास हमखास.

जागेबद्दल दोन गोष्टी. पहिली, सातबारा नीट वाचा. तुमची जमीन ई-क्लास आहे, तर ग्रामसभेचा ठराव करून महसूलकडून वापराची परवानगी लेखी घ्या. नागपूर विभागातल्या गावांना वेगळी अडचण असते: नोंद 'झुडपी जंगल' असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालानंतर ती वनजमीनच धरायची आहे, वन खात्याच्या मंजुरीशिवाय तिथे जेसीबी नेऊ नका. पूर्व विदर्भात आणखी एक मोह असतो, मामा (माजी मालगुजारी) तलावाचा. 'तलाव आहेच, त्यातच नाली सोडू.' नका सोडू. तो तलाव धानाला पाणी देतो, ढिवरांची मासेमारी त्यावर चालते, आणि सांडपाणी शिरलं की काही वर्षांत जलपर्णी आणि काठाला बेशरमाची झुडपं एवढंच दिसतं.

दुसरी गोष्ट नकाशात दिसत नाही. उतार जिकडे, नाली तिकडे, आणि बहुतेक गावांत त्या टोकाला कोणाची वस्ती असते हे आपल्याला ठाऊक आहे. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा बहुतांश पश्चिमेकडून येतो, त्यामुळे शास्त्राप्रमाणेही तळी गावाच्या पूर्वेला जातात, आणि पुन्हा तीच वस्ती समोर येते. शेवटच्या घरापासून दोनशे मीटर सोडल्याशिवाय पाळ टाकू नका, मग शंभर मीटर जास्तीचा पाइप टाकावा लागला तरी चालेल. पिण्याच्या विहिरींपासूनचं अंतरही तितक्याच कडकपणे पाहा. आणि त्या वस्तीतली ग्रामसभा तिथेच, त्यांच्या समाजमंदिरात घ्या. ज्यांच्या दारात आजवर गावाची घाण साचली त्यांनाच 'प्रकल्पाला विरोध करू नका' सांगायला जाणं शोभत नाही.

आता काळी माती. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण विदर्भातली तळी बिघडतात ती बहुधा सूत्रामुळे नाही, मातीमुळे. काळी चिकण माती ओली असताना पाणी धरते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून तिचा उपयोग तळाला करा, पाळीला नको. दीड मीटर खोदताना बऱ्याच ठिकाणी खाली मुरूम लागतो, आणि मुरूम उघडा पडला की पाणी थेट शेजारच्या विहिरीकडे निघतं. अशा वेळी मुरमावर काळ्या मातीचे १५ सेंटिमीटरचे तीन थर, प्रत्येक थर पाणी शिंपून आणि रोलर फिरवून दाबायचा. थर दाबला आणि आठवडाभर उन्हात उघडा पडला तर तो गेला असंच समजा. लगेच वर पाणी घ्या, निदान ओलं गोणपाट तरी टाका. पाळ मात्र मुरूममिश्रित मातीची करा, आतला उतार उभ्या एकाला आडवे अडीच, वर ट्रॅक्टर जाईल एवढी रुंदी आणि पाण्याच्या वर अर्धा मीटर मोकळी.

पाण्याच्या रेषेला, अर्धा मीटर वर आणि अर्धा मीटर खाली, दगडी पिचिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचा थर, हवंच. लाटांनी पाळ खचत नाही हा एक फायदा. मोठा फायदा असा की काठाला गवत उगवत नाही, आणि डासांची निम्मी गोष्ट तिथेच संपते. खेकडे आणि घुशी पाळ पोखरतात, त्यांनाही दगड आड येतो. ठेकेदार पिचिंग सर्वांत आधी वगळतो, कारण बिल होईपर्यंत त्याची गरज कोणाला कळत नाही.

शेततळ्यासारखं प्लास्टिक टाकावं का? माती खरंच धरत नसेल, किंवा विहिरी जवळ असतील, तर ५०० मायक्रॉनचा कागद टाका. खड्डा घेऊन, संध्याकाळी भरून, सकाळी पातळी किती उतरली ते पाहिल्याशिवाय मात्र ठरवू नका. प्लास्टिकच्या तळ्यात घसरलेलं पोर स्वतःहून वर येऊ शकत नाही. शेततळ्यांतल्या अशा मृत्यूंच्या बातम्या दरवर्षी वाचतो आपण. म्हणून चारही बाजूंना गाठी मारलेले दोर आतपर्यंत सोडलेले हवेत, कुंपण हवं आणि फाटकाला कुलूप. कुंपण म्हशींसाठीही लागतं. एकदा म्हशी डुंबायला लागल्या की पाळही राहत नाही आणि अस्तरही.

पावसाचा विचार आराखड्यात बहुधा नसतोच. तुमच्या नाल्या उघड्या आहेत, म्हणजे पावसाचं पाणीही त्यातूनच येणार. तीन हेक्टर गावठाणावर १० मिलिमीटरची एक सर पडली आणि निम्मं पाणी वाहिलं तरी १५० घनमीटर होतं, म्हणजे अर्ध्या तासात दिवसापेक्षा जास्त. सोबत रस्त्याची माती, शेण, पॉलिथिन. तळ्याच्या आधी एक साधा सांडवा बांधा: रोजच्या सरासरीच्या तिप्पट पाणी तळ्याकडे वळेल, वरचं सगळं उडी मारून नाल्याला जाईल. हा सांडवा नसेल तर दोन-तीन पावसाळ्यांत मुख्य तळ्याच्या तोंडाशी बेट तयार होतं, त्यावर बाभळी उगवतात, आणि मग लोक म्हणतात की तळ्यांचं तंत्रच खोटं.

पाणी आत येण्याचं आणि बाहेर जाण्याचं तोंड समोरासमोर नको, कोपऱ्यातून कोपऱ्यात हवं, नाहीतर पाणी सरळ रेषेत पळतं आणि अर्धं तळं नुसतं शोभेला राहतं. बाहेरच्या तोंडाला पाण्यात अर्धा मीटर बुडेल अशी आडवी फळी लावा, म्हणजे वरचा तवंग आणि दाट शेवाळ तिथेच अडकतं.

वास आणि डास. नीट चालणाऱ्या मुख्य तळ्याला वास येत नाही. जवळ गेलं तर ओल्या गवतासारखा येतो, तेवढाच. तळ्याची तब्येत रंगावरून कळते आणि हे तुमच्या माणसाला पहिल्याच आठवड्यात शिकवा. दाट हिरवं म्हणजे उत्तम. राखाडी किंवा काळपट झालं तर घाण जास्त येतेय, किंवा सांडव्यातून कोणीतरी सेप्टिक टँकरचं पोट रिकामं करून गेलंय. गुलाबी-जांभळट झाक आली तर गंधकावर जगणारे जिवाणू वाढलेत, प्राणवायू संपलाय. अशा वेळी थोडं पाणी बाजूने वळवून तळ्याला आठ-दहा दिवस विश्रांती द्या, शेवटच्या तळ्यातलं हिरवं पाणी पंपाने तोंडाशी आणून सोडा, रंग परततो. रंग दुपारी दोननंतर पाहायचा, सकाळी नाही; रात्रभर शेवाळही प्राणवायू खातं, त्यामुळे पहाटे चांगलं तळंसुद्धा मलूल दिसतं. वाऱ्याने एका कोपऱ्यात निळसर हिरवी साय जमते. ती कुजली की डुकराच्या खोलीसारखा वास मारते, म्हणून लांब दांड्याच्या फावड्याने रोज फोडायची, ती बुडते. पाण्यावर छोट्या पानांची हिरवी चादर पसरली तर ते शेवाळ नव्हे, डकवीड आहे. ती ऊन अडवते, काढून खतखड्ड्यात टाका.

डासांचं गांभीर्य आपल्याकडे जास्त आहे. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा हा हत्तीरोगाचा पट्टा, आणि तो रोग पसरवणारा क्युलेक्स डास घाण पाण्यातच वाढतो. पण तो वाढतो काठाच्या गवतात, तुंबलेल्या नालीत आणि उघड्या सेप्टिक टँकमध्ये. वाऱ्याने हलणाऱ्या मोकळ्या पाण्यात त्याच्या अळ्या टिकत नाहीत. आज तुमच्या तुंबलेल्या नाल्यांत जे डास आहेत ते तळ्यामुळे वाढणार नाहीत, अट एवढीच की काठ दगडी आणि स्वच्छ राहिला पाहिजे. शेवटच्या दोन तळ्यांत आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणून सोडा. पहिल्या तळ्यात ते पहाटेच्या प्राणवायूच्या तुटवड्यात तगतीलच असं नाही, तिथे आशा धरू नका.

एक जण नक्की सुचवेल की तळी कशाला, घरोघरी शोषखड्डे करा. मुरमाड गावात मी स्वतः तेच सांगतो आणि नांदेड पॅटर्नने बऱ्याच गावांत नाल्याच कोरड्या पडल्या. पण खड्डा मुरमापर्यंत पोचला नाही आणि काळ्या मातीतच संपला तर ऑगस्टमध्ये तो काठोकाठ भरून उलटा वाहतो. तुमच्याकडे वरच्या आळीत मुरूम उथळ असेल तर तिथे खड्डे करा, तेवढं पाणी तळ्याला कमी. दोन्ही गोष्टी एकत्र चालतात.

कामाचं वेळापत्रक मातीच ठरवते. दिवाळीनंतर वाफसा आला की खोदाई सुरू, होळीपर्यंत पाळी आणि तळ दाबून पूर्ण, एप्रिलपर्यंत पिचिंग. मेमध्ये तळ उघडा ठेवायचा नाही. मुख्य तळं आधी विहिरीच्या किंवा नाल्याच्या साध्या पाण्याने अर्धं भरा, मग नाली जोडा. रिकाम्या तळ्यात सुरुवातीपासून सांडपाणी सोडलं तर आधी तण उगवतं आणि पहिले दोन महिने इतका वास येतो की गाव प्रकल्पावर कायमचं रुसतं. शेवाळ धरायला तीन-चार आठवडे द्या.

पैशाचं सांगायचं तर स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत धरले होते, ७० टक्के मिशनचे आणि ३० टक्के पंधराव्या वित्त आयोगाचे. तुमच्या गावाला ते ६ लाख ७२ हजार होतात. अस्तर आणि पिचिंगसह एवढ्यात बसवणं अवघड आहे. खोदाई रोजगार हमीतून घेता येते का आणि सध्या कोणतं लेखाशीर्ष चालू आहे, हे पंचायत समितीत बसून आधी ठरवा. पैसे कमी पडले तर तिसरं तळं पुढच्या वर्षी करा, पण जाळी, सांडवा आणि पिचिंग पहिल्याच वर्षी.

आता तो माणूस. एका माणसाचं रोज दीड-दोन तासांचं काम आहे: सकाळी जाळी साफ करणं, सांडवा मोकळा ठेवणं, साय फोडणं, काठावरचं गवत उपटणं, पाळीवर फिरून खेकड्यांची बिळं बुजवणं, आणि वहीत रंग, वास व खाचेवरची उंची लिहिणं. गाळ-हौदाचे कप्पे आलटून पालटून उपसणं आठवड्यातून एकदा. वर्षातून एकदा गाळ मोजायचा: बांबूला पांढरं कापड गुंडाळा, नावेतून किंवा पाळीवरून तो उभा, सावकाश तळापर्यंत सोडा, क्षणभर थांबा आणि सरळ वर काढा. जिथवर कापड काळं झालं तिथवर गाळ. खोलीचा तिसरा हिस्सा काळा दिसू लागला की उपसायची तयारी करा. मुख्य तळ्यात ती वेळ साधारण आठ-दहा वर्षांनी येते, सांडवा नसेल तर फार आधी. काम करणाऱ्याला गमबूट, हातमोजे आणि वर्षातून दोनदा जंताचं औषध द्या. त्याला पाणीपुरवठ्याच्या कर्मचाऱ्याच्याच बरोबरीने पगार द्या आणि ठरावात पद लिहा. 'शिपाई बघून घेईल' असं ठरलेली तळी दोन वर्षांत बाभळीचं बन होताना पाहिली आहेत मी.

हा पगार पाण्यातूनच निघू शकतो. मेमध्ये तळ्यांवरून दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उडतं, तुमच्या क्षेत्रावर ३७ घनमीटर. उरतात ९५. चाऱ्याला उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर धरलं तर यात जवळजवळ दोन हेक्टर नेपिअर निघतो. बांबू, चारा, कपाशीला हे पाणी चांगलं, त्यात नत्रही असतं. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, कच्चं खाल्लं जातं असं काहीही नको, तळ्यांत पाणी महिन्याच्या वर राहिलं तरी नको, कारण सांडवा चुकला त्या दिवशीचं पाणी कोणी वेगळं करत नाही. ठिबकच्या नळ्या शेवाळाने तुंबतात, पाटानेच द्या. खारपाणपट्ट्यातल्या भारी जमिनीला मात्र देण्याआधी पाण्याचे क्षार आणि सोडियम तपासा, बाष्पीभवनाने ते आणखी घट्ट झालेले असतात.

नाल्यात सोडायचं ठरवलं तर नियम पाहावे लागतील. केंद्राच्या २०१७ च्या मानकात महानगरांबाहेर लिटरमागे बीओडी ३० आणि तरंगते कण १०० मिलिग्रॅम आणि मलजन्य जिवाणू १०० मिलिलिटरमागे १,००० ही मर्यादा आहे; हरित लवादाने २०१९ मध्ये याहून कडक आकडे सांगितले. तळ्याच्या पाण्यात शेवाळ असतं आणि प्रयोगशाळेत ते घाणीतच मोजलं जातं, म्हणून गाळलेल्या पाण्याचं बीओडीही वेगळं मागा. शेतात वापरलेलं पाणी नदीपर्यंत जातच नाही, हा माझ्या दृष्टीने त्याहून सरळ मार्ग. त्यासाठी खालच्या शेतकऱ्यांशी तीन वर्षांचा लेखी करार करा, दरवर्षी ग्रामसभेत लिलाव, पैसे एका वेगळ्या खात्यात, आणि करारात दोन अटी ठळक: भाजीपाला नाही, आणि पावसाळ्यात मोटर लावून तळं रिकामं करायचं नाही.